ध्वनी, श्रोता आणि प्रत्युत्तर : दूरशिक्षणातील श्राव्य माध्यमाच्या इतिहासाची एक बाजू

आंतरजालावरून होणाऱ्या शिक्षणात ध्वनीचा उपयोग कसा करून घ्यावा, या प्रश्नाची चर्चा बहुधा साधनांच्या अंगाने केली जाते. ध्वनिमुद्रण कोणत्या यंत्रावर करावे, ते किती मिनिटांचे असावे, पडद्यावरील मजकुराशी त्याचा मेळ कसा घालावा, असे तिचे स्वरूप असते. साधने नवी असल्यामुळे प्रश्नही नवाच आहे, असा समज त्यातून सहज होतो. वस्तुतः दूर बसलेल्या विद्यार्थ्याला केवळ आवाजाच्या साहाय्याने शिकविण्याचा उद्योग आता शंभर वर्षांचा झाला आहे. या शंभर वर्षांत तो निरनिराळ्या देशांत, निरनिराळ्या यंत्रांच्या मदतीने पुनःपुन्हा आरंभिला गेला आणि पुष्कळदा एकाच ठिकाणी येऊन अडखळला. आवाज पोचविणे सोपे ठरले. ऐकणाऱ्याचे उत्तर परत आणणे मात्र कठीण आणि खर्चाचे ठरले. या इतिहासातील जे प्रयोग यशस्वी म्हणून गणले जातात, त्यांचे यश ध्वनीच्या गुणवत्तेत शोधावयाचे की उत्तराच्या व्यवस्थेत, हा येथील विवेचनाचा विषय आहे. त्यातील एक महत्त्वाचा प्रयोग महाराष्ट्राच्याच खेड्यांत झालेला असल्यामुळे त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे अगत्याचे आहे.

प्रारंभीच्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. इंग्लंडमध्ये बी.बी.सी.ने १९२४ साली शाळांसाठी ध्वनिक्षेपण सुरू केले. सर वॉल्फर्ड डेव्हिस यांनी संगीतावर दिलेला पाठ हा त्या मालिकेचा आरंभ होय. हिंदुस्थानात १९२७ साली मुंबईचे नभोवाणी केंद्र खाजगी कंपनीच्या मालकीने चालू झाले. पुढे १९३६ साली 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव आले आणि त्या दशकाच्या अखेरीस शालेय कार्यक्रमही सुरू झाले. या सर्व उपक्रमांच्या मुळाशी एक कल्पना होती. उत्तम वक्ता एका ठिकाणी बसून बोलेल आणि हजारो वर्गांना त्याचा लाभ होईल, ही ती कल्पना. व्याख्यानाची व्याप्ती वाढली की शिक्षणाची व्याप्ती वाढली, असे त्यात गृहीत धरलेले होते. श्रोत्याने काय करावयाचे, तर शांत बसून ऐकावयाचे. शाळेत निदान शिक्षक समोर असतो. नभोवाणीचा पाठ संपल्यावर तो मुलांना दोन प्रश्न विचारू शकतो. घरी किंवा चावडीवर ऐकणाऱ्या प्रौढाला तेवढीही सोय नव्हती.

ही उणीव ओळखून तिच्यावर पद्धतशीर उपाय योजण्याचे श्रेय कॅनडातील शेतकरी चळवळीला द्यावे लागते. तेथील राष्ट्रीय ध्वनिक्षेपण संस्था, शेतकऱ्यांचा महासंघ आणि प्रौढशिक्षण परिषद या तिघांनी मिळून १९४१ साली शेतकऱ्यांची नभोवाणी श्रोतृमंडळे स्थापन केली. हिवाळ्यात, शेतीची कामे थंडावली असता, दर सोमवारी रात्री शेजारपाजारची कुटुंबे एका घरी जमत. आधी पाठविलेली छापील पत्रिका वाचलेली असे. मग कार्यक्रम ऐकावयाचा, त्यावर चर्चा करावयाची आणि चर्चेचा निष्कर्ष लिहून प्रांतिक कार्यालयाकडे धाडावयाचा. वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा, असे या चळवळीचे ब्रीद होते. आपल्याकडील श्रवण, मनन आणि निदिध्यासन या जुन्या त्रयीशी त्याचे साम्य कोणाच्याही ध्यानात येईल. तथापि एक फरक आहे, आणि तो लहान नाही. आपल्या परंपरेत मनन हे एकट्या साधकाचे कार्य मानले गेले. कॅनडात ते शेजाऱ्यांच्या संगतीने करावयाचे होते. शिवाय मंडळांकडून आलेल्या मतांचा गोषवारा कार्यक्रमातूनच ऐकविला जाई. आपण लिहून धाडलेले कोणीतरी वाचले, याचा पुरावा श्रोत्याला त्याच यंत्रातून मिळत असे. ही मंडळे १९६५ पर्यंत चालली.

हा अनुभव युनेस्कोने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि तो दुसऱ्या एखाद्या देशात, निराळ्या परिस्थितीत, कसोटीस लावून पाहावा असा विचार पुढे आला. त्यासाठी निवड झाली ती तत्कालीन मुंबई राज्यातील मराठीभाषक जिल्ह्यांची. पुण्याचे नभोवाणी केंद्र १९५३ साली सुरू झाले होते. 'ऑल इंडिया रेडिओ'चे महासंचालक जगदीशचंद्र माथुर हे स्वतः हिंदीतील नामवंत नाटककार होते आणि ग्रामीण कार्यक्रमांविषयी त्यांना विशेष आस्था होती. मूल्यमापनाचे काम मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे सोपविण्यात आले व त्याचे नेतृत्व पॉल न्यूराथ यांनी केले. न्यूराथ हे मूळचे व्हिएन्नाचे. नाझी राजवटीत डाखाउ आणि बुखेनवाल्ड येथील छळछावण्यांत त्यांनी कारावास भोगलेला होता आणि त्यानंतर अमेरिकेत जाऊन ते समाजशास्त्राचे अध्यापक झाले होते. माणसांच्या लहान समूहात नियम, नेतृत्व आणि परस्परविश्वास कसा आकार घेतो, याचा अभ्यास त्यांनी त्या छावण्यांच्या अनुभवावरच प्रबंध लिहून केला होता. अशा अभ्यासकाच्या वाट्याला पुणे परिसरातील चावडीवरची शेतकरी मंडळे यावीत, हा योगायोग ज्ञानाच्या इतिहासात नोंदवून ठेवण्याजोगा आहे.

प्रयोग १९५६ साली झाला. पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे खेड्यांत श्रोतृमंडळे बनविण्यात आली. प्रत्येक मंडळात साधारणपणे वीसपर्यंत सभासद असत. गावातीलच एकाला संयोजक नेमून चर्चा कशी चालवावी याचे शिक्षण त्याला दिले जाई. दुसरा एक जण चर्चेचे टिपण ठेवी. आठवड्यातून दोन याप्रमाणे वीस कार्यक्रम झाले. प्रत्येक कार्यक्रम अर्ध्या तासाचा होता. शेती, आरोग्य, शिक्षण, साक्षरता आणि स्थानिक स्वराज्य हे विषय होते. कार्यक्रम संपल्यावर संच बंद करावयाचा आणि चर्चेला बसावयाचे, असा क्रम असे. चर्चेत निघालेले प्रश्न पुण्याला पाठविले जात आणि त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. बहुतेक खेड्यांत अद्याप वीज पोचलेली नव्हती, हे ध्यानात घेतले म्हणजे संच चालू ठेवणे हेच केवढे काम होते, याची कल्पना येते.

या प्रयोगाचे वैशिष्ट्य त्याच्या रचनेत आहे. केवळ मंडळे स्थापून त्यांची वाहवा करण्यावर न्यूराथ संतुष्ट नव्हते. मंडळ असलेल्या निवडक गावांबरोबर त्यांनी आणखी दोन प्रकारची गावे अभ्यासासाठी घेतली. संच आहे पण मंडळ नाही, अशी काही. आणि संचच नाही, अशी काही. तिन्ही प्रकारच्या गावांत प्रयोगापूर्वी व प्रयोगानंतर गावकऱ्यांच्या मुलाखती घेऊन त्यांचे ज्ञान तपासण्यात आले. शिवाय मंडळांच्या बैठकींना निरीक्षक स्वतः हजर राहिले. आज ही पद्धत नेहमीची वाटेल. परंतु १९५६ साली भारतातील खेड्यांत समाजशास्त्रीय नियंत्रित प्रयोग या प्रमाणावर होणे ही अपूर्व गोष्ट होती. माथुर आणि न्यूराथ यांचा अहवाल युनेस्कोने १९५९ साली पॅरिसहून प्रसिद्ध केला.

निष्कर्ष असा की, मंडळे असलेल्या गावांत ज्ञानाची वाढ लक्षणीय झाली. संच असून मंडळ नसलेल्या गावांत ती अगदीच अल्प झाली. या दोन वाक्यांचा अर्थ नीट लक्षात घ्यावयास हवा. दोन्ही प्रकारच्या गावांना नभोवाणी उपलब्ध होती. निवेदक तेच, भाषा तीच, विषय तेच. आवाजाच्या बाजूने पाहता या गावांत काहीही भेद नव्हता. भेद होता तो संच बंद झाल्यानंतरच्या वेळेत. ज्या गावांत त्या वेळी कोणीतरी कोणालातरी प्रश्न विचारला, तेथे ऐकलेले टिकले. मंडळांमुळे आणखीही एक अनपेक्षित गोष्ट घडली. पुष्कळ ठिकाणी मंडळ हे गावातील सामुदायिक निर्णय घेण्याचे स्थान होऊन बसले आणि ग्रामपंचायतीने करावयाची पण न केलेली कामे ते हाती घेऊ लागले.

या निष्कर्षाला काही मर्यादाही आहेत. प्रयोग अवघ्या काही आठवड्यांचा होता. मंडळांच्या गावांकडे संघटक जात होते, निरीक्षक जात होते. आपल्याकडे कोणाचे तरी लक्ष आहे या जाणिवेनेच माणूस अधिक उत्साहाने वागतो, ही गोष्ट औद्योगिक मानसशास्त्राने पूर्वीच पुढे मांडली होती. तेव्हा परिणाम चर्चेचा किती आणि लक्ष दिल्याचा किती, हे पूर्णपणे वेगळे करून दाखविणे शक्य नाही. तसेच मुलाखतीत उत्तर बरोबर देणे आणि शेतात तसे करणे यांत अंतर असते. परंतु पहिल्या आक्षेपाचा नीट विचार केला तर तो या प्रयोगाच्या विरुद्ध न जाता त्याला पूरकच ठरतो. कोणीतरी आपले ऐकत आहे, ही जाणीव हाच जर परिणामाचा एक भाग असेल, तर ती जाणीव निर्माण करणे हा शिकविण्याच्या पद्धतीचाच भाग मानला पाहिजे. तिला दोष म्हणून बाजूस काढता येत नाही.

या यशाचे पुढे काय झाले, ते अधिक उद्बोधक आहे. १९५९ च्या अखेरीस ही योजना देशभर लागू करण्यात आली आणि काही वर्षांतच मंडळांची संख्या हजारांवर गेली. संख्या वाढली; पण पुण्याच्या प्रयोगात प्रत्येक मंडळामागे जे मनुष्यबळ होते, ते त्या प्रमाणात वाढले नाही. संयोजकांचे शिक्षण, गावोगाव फिरणारे संघटक, आलेल्या प्रश्नांना वेळेवर मिळणारे उत्तर, या गोष्टी पैशाच्या आणि माणसांच्या दृष्टीने महाग होत्या. कार्यक्रम एकदा तयार केला की तो दीडशे गावांनी ऐकला काय किंवा पंधरा हजारांनी ऐकला काय, ध्वनिक्षेपणाचा खर्च तोच. प्रश्नांचे तसे नाही. मंडळे शंभरपट झाली की प्रश्नही शंभरपट होतात आणि उत्तरे देणारे हातही तितकेच लागतात. नभोवाणी खाते आणि विकासखाते यांच्यात ही जबाबदारी वाटली गेली होती, आणि वाटलेल्या जबाबदारीचे जे सामान्यतः होते तेच येथे झाले. पुढे ट्रान्झिस्टर संच स्वस्त झाले, घरोघरी आणि शेताच्या बांधावर पोचले. ऐकणाऱ्यांची संख्या अतोनात वाढली आणि एकत्र बसून ऐकण्याचे कारणच उरले नाही. स्वस्त असलेला भाग फोफावला आणि महाग असलेला भाग गळून पडला, असे या योजनेचे वर्णन केल्यास ते कठोर वाटेल. पण चुकीचे ठरणार नाही.

पुण्याच्या प्रयोगाच्या थोडे आधी, जगाच्या दुसऱ्या टोकाला, हाच धडा मुलांच्या शिक्षणात मिळाला होता. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात शेकडो मैलांच्या अंतरावर विखुरलेल्या पशुपालकांच्या वस्त्यांवर वैद्यकीय मदत पोचविण्यासाठी पायाने चालवावयाचे बिनतारी संच बसविलेले होते. आल्फ्रेड ट्रेगर या तंत्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात ते सिद्ध केले. पायट्यांनी वीज निर्माण करावयाची आणि बोलावयाचे. म्हणजे तो संच ऐकण्याइतकाच बोलण्यासाठी होता. अॅडलेड मीथ्के या शिक्षिकेच्या पुढाकाराने याच जाळ्याचा उपयोग करून १९५१ साली अॅलिस स्प्रिंग्ज येथे आकाशमार्गे चालणारी शाळा सुरू झाली. गंमत अशी की, संच दुतर्फा असूनही पहिले पाठ एकतर्फीच होते. शिक्षकांची सवय सुटली नव्हती. लवकरच पाठाच्या शेवटी प्रश्नोत्तरांची वेळ ठेवण्यात आली आणि शाळेला खरे शाळेचे रूप आले. यंत्राने दिलेली सोय पद्धतीने स्वीकारीपर्यंत काही काळ जावा लागतो, याचे हे नमुनेदार उदाहरण होय.

परंतु दुतर्फा संच हा अपवाद. जेथे आवाज एकाच दिशेने जातो, तेथे उत्तराची सोय कशी करावी? या प्रश्नाला निकाराग्वा या मध्य अमेरिकेतील देशात १९७४ पासून चाललेल्या गणितप्रकल्पाने एक चतुर उत्तर शोधले. स्टॅनफर्ड विद्यापीठातील पॅट्रिक सपीज, बार्बरा सर्ल आदी अभ्यासकांनी अमेरिकन सरकारच्या साहाय्याने तो चालविला होता. पाठातच जागोजाग मोकळी जागा ठेवावयाची, हे त्याचे तंत्र होते. निवेदक प्रश्न विचारतो आणि काही क्षण थांबतो. वर्गातील मुले मोठ्याने उत्तर देतात, किंवा वहीत लिहितात, किंवा बोटांवर मोजतात. मग निवेदक बरोबर उत्तर सांगतो. तो मुलांचे उत्तर ऐकत नाही, हे मुलांना माहीत असते की नसते, हा प्रश्न वेगळा. पण उत्तर देण्याचे कर्म मात्र घडते. या थांब्यांची लांबी वर्गांत प्रत्यक्ष पाहून, पाठ पुनःपुन्हा दुरुस्त करून ठरविली जात असे. नभोवाणीवर शिकलेल्या वर्गांची प्रगती इतर वर्गांहून स्पष्टपणे सरस ठरली. १९७९ साली तेथे राज्यक्रांती झाली आणि त्याच वर्षी प्रकल्प थांबला. परंतु त्याचे तंत्र आफ्रिकेतील व लॅटिन अमेरिकेतील अनेक देशांनी उचलले. पुण्यात जे काम संयोजक करीत होता, त्याचा काही अंश येथे शांततेच्या त्या मोजक्या क्षणांनी केला. काही अंशच, कारण थांबा प्रश्न विचारू शकतो, पण मुलाला पडलेला प्रश्न ऐकू शकत नाही.

विद्यापीठीय दूरशिक्षणात ध्वनीच्या वापराला निराळे वळण मिळाले ते ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात. १९६९ साली सनद मिळालेल्या या विद्यापीठाने १९७१ च्या जानेवारीत अध्यापनास आरंभ केला, तेव्हा बी.बी.सी.वरून होणारे नभोवाणी व दूरचित्रवाणीचे कार्यक्रम हे त्याचे भूषण मानले जात होते. टोनी बेट्स यांनी तेथे दीर्घकाळ केलेल्या संशोधनातून असे दिसत गेले की, ठराविक वेळी लागणारा कार्यक्रम नोकरी सांभाळून शिकणाऱ्या प्रौढाला पुष्कळदा ऐकताच येत नाही, आणि ऐकला तरी तो त्याच्या अभ्यासाच्या गतीशी जुळत नाही. ध्वनिफीत आली आणि ही अडचण दूर झाली. दिसावयास साधी, स्वस्त, प्रतिष्ठेच्या दृष्टीने दूरचित्रवाणीच्या जवळपासही न फिरकणारी ही वस्तू विद्यार्थ्यांना अधिक उपयोगाची वाटली. गणिताच्या विभागात तर एक नवा प्रकार रूढ झाला. विद्यार्थ्यापुढे आकृत्यांची आणि समीकरणांची छापील पाने असावयाची आणि फितीवरचा आवाज त्या पानांवरून त्याला हाताला धरून नेल्याप्रमाणे न्यावयाचा. मध्येच सांगावयाचे की आता फीत थांबवा, हे उदाहरण सोडवा आणि मग पुढे चला. निकोला डर्ब्रिज यांनी या ध्वनिफितींच्या उपयोगाचे विवेचन १९८४ साली केले आहे. जाहीर व्याख्यानाचा सूर सोडून, एकाच विद्यार्थ्याशेजारी बसल्यासारखे बोलण्याची रीत या फितींनी अध्यापकांना शिकविली, हे त्यांचे मोठेच कार्य म्हणावे लागेल.

ध्वनिफितीने श्रोत्याला थांबण्याचा आणि मागे जाण्याचा अधिकार दिला. हा अधिकार किती महत्त्वाचा, हे अंध वाचकांना सर्वांच्या आधी ठाऊक होते; कारण त्यांच्यासाठी ध्वनिमुद्रण हे पाठ्यपुस्तकच होते. पुस्तकाचे पान उलटता येते, प्रकरण शोधता येते. फितीवर ते जमत नाही. म्हणून ध्वनीलाच पाने, प्रकरणे आणि शीर्षके देण्याचा 'डेझी' नावाचा आंतरराष्ट्रीय उपक्रम १९९६ मध्ये उभा राहिला. आंतरजालावरील ध्वनिपाठ तयार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या उपक्रमाची आठवण असते. तासाभराचे व्याख्यान सलग ठेवून देण्याची रीत अजून सर्रास आढळते.

श्रोत्याने मध्ये थांबावे, यामागे मानसशास्त्रीय कारण आहे. अॅलन बॅडली आणि ग्रॅहॅम हिच यांनी १९७४ साली मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या कल्पनेनुसार कानाने आलेली भाषा आणि डोळ्यांनी आलेली आकृती यांच्यासाठी मनात निरनिराळी आणि मर्यादित जागा असते. त्यावरून जॉन स्वेलर, रिचर्ड मेयर आदींनी प्रयोगांनी दाखविले की, आकृतीचे स्पष्टीकरण तिच्याखाली छापण्याऐवजी आवाजात दिले तर ते अधिक चांगले समजते. डोळ्यांवरचा भार कान उचलतात. मात्र पडद्यावर असलेला मजकूरच शब्दशः वाचून दाखविला तर लाभ होत नाही, उलट अडथळा होतो. त्याहून सूक्ष्म गोष्ट पुढे उघडकीस आली. बोललेले वाक्य उच्चारताच नाहीसे होते. छापलेले डोळ्यांसमोर राहते. म्हणून स्पष्टीकरण दीर्घ आणि गुंतागुंतीचे असेल तर आवाजाचा फायदा नाहीसा होतो आणि छापील मजकूरच श्रेष्ठ ठरतो. स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे या विषयावरील प्रयोग २०११ साली प्रसिद्ध झाले. तात्पर्य इतकेच की, ध्वनीचे सामर्थ्य आणि त्याची क्षणभंगुरता या एकाच गोष्टीच्या दोन बाजू आहेत. मुक्त विद्यापीठाच्या गणिताध्यापकांनी छापील पाने आणि थांब्याची सूचना यांची जोड देऊन जे साधले, त्याची उपपत्ती अशी बऱ्याच उशिरा हाती आली.

आंतरजालाचा काळ आला तेव्हा वितरणाची बाजू अभूतपूर्व सोपी झाली. ध्वनिमुद्रणाची मालिका आंतरजालावरून आपोआप उतरवून घेण्याच्या पद्धतीला 'पॉडकास्ट' हे नाव २००४ साली पडले. त्याच वर्षी अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने प्रथम वर्षाच्या १,६०० हून अधिक विद्यार्थ्यांना खिशात मावणारी श्रवणयंत्रे वाटली. भारतातही इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पुढाकाराने 'ज्ञानवाणी' ही शैक्षणिक नभोवाणी २००१ पासून आणि पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' २००५ पासून सुरू झालेली होती. ध्वनीचा एक व्यावहारिक गुण येथे विशेष उपयोगी पडतो. बोलण्याचा आवाज दर सेकंदाला ३२ किलोबिट या गतीने सुस्पष्ट राहतो. म्हणजे तासाभराच्या पाठाला सुमारे १४ मेगाबाइट पुरतात. सेकंदाला एक मेगाबिट या साधारण गतीच्या चित्रफितीला तेवढ्याच वेळात ४५० मेगाबाइट लागतात. ज्या विद्यार्थ्याच्या गावात जाळे क्षीण आहे, त्याच्यासाठी हा फरक पाठ मिळणे आणि न मिळणे यांतील फरक असतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली आणि वर्ग पडद्यावर गेले, तेव्हा पुष्कळ अध्यापकांनी हा धडा सक्तीने गिरविला. चित्र अडखळू लागले की ते बंद करावयाचे आणि आवाजावर काम भागवावयाचे.

याच वर्गांत एक विलक्षण विसंगती होती. अॅलिस स्प्रिंग्जच्या संचाप्रमाणे हे साधनही मूळचे दुतर्फा. प्रत्येक विद्यार्थ्यापाशी ध्वनिग्राहक होता. परंतु गोंगाट नको म्हणून पहिली सूचना दिली जाई ती सर्वांनी आपापले ध्वनिग्राहक बंद ठेवण्याची, आणि तास संपेपर्यंत ते बहुधा बंदच राहत. सूचना रास्त होती. साठ घरांतील आवाज एकदम आले तर पाठ चालणार नाही. तथापि तिच्यामुळे वर्ग १९२४ च्या नभोवाणीपाशी परत गेला, ही गोष्ट नाकारता येत नाही.

ध्वनीचा उलट दिशेने, म्हणजे विद्यार्थ्याच्या कामावर अभिप्राय देण्यासाठी, उपयोग करण्याचा विचारही झालेला आहे. फिल आइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आंतरजालावरील एका अभ्यासक्रमात लेखी शेऱ्यांऐवजी अध्यापकाच्या आवाजातील अभिप्राय विद्यार्थ्यांना पाठविण्यात आला. विद्यार्थ्यांना तो अधिक पसंत पडला, अध्यापक आपल्याविषयी आस्था बाळगतो असे त्यांना वाटले आणि सूचना आपल्या पुढील लेखनात उतरविण्याचे प्रमाणही वाढलेले दिसले. अभ्यास लहान होता आणि एकाच अभ्यासक्रमापुरता होता; त्यावर मोठे सिद्धान्त उभारणे अयोग्य होईल. पण त्यातील एक गोष्ट लेखी शेऱ्यांचा अनुभव असलेल्या कोणत्याही अध्यापकाला पटेल. 'हा मुद्दा स्पष्ट करा' हे चार शब्द तांबड्या शाईत फटकारल्यासारखे वाटतात. तेच शब्द आवाजात आले म्हणजे त्यांतील आर्जव, शंका किंवा कौतुक ऐकू येते. मराठीसारख्या भाषेत तर स्वराघाताने एकाच वाक्याचा अर्थ आज्ञा, विनंती आणि उपरोध असा तीन प्रकारे पालटतो, आणि कागद या तिन्हींतले काहीच सांगू शकत नाही. हीच सोय विद्यार्थ्याच्या बाजूने योजली, म्हणजे त्याने आपले आकलन दोन-तीन मिनिटे बोलून पाठविले, तर अध्यापकाला त्याची अडखळण्याची जागाही ऐकू येते. लिहिलेल्या उत्तरात ती झाकली जाते. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी प्रत्येक ध्वनिमुद्रणासोबत लेखी प्रत ठेवणे हे यातील कर्तव्य होय. आणि ती प्रत इतरांनाही दीर्घ स्पष्टीकरणाच्या वेळी उपयोगी पडते, हे वरील मानसशास्त्रीय विवेचनावरून स्पष्टच आहे.

आता या सर्वांतील खर्चाचा हिशेब पाहावयाचा. मुद्रित पाठ एकदा केला की साठ विद्यार्थ्यांसाठी आणि सहा हजारांसाठी श्रम सारखेच. परंतु साठ विद्यार्थ्यांनी तीन तीन मिनिटे बोलून पाठविले तर अध्यापकाला सलग तीन तास ऐकावे लागते, आणि प्रत्येकाला दोन मिनिटांचे उत्तर द्यावयाचे तर आणखी दोन तास बोलावे लागते. लिहिलेला मजकूर घाईच्या वेळी नजरेखालून घालता येतो. आवाज घाईने ऐकता येत नाही. कार्यभाराच्या तक्त्यात व्याख्यानाच्या तासाला जागा असते, ध्वनिमुद्रणाच्या तासालाही आता मिळू लागली आहे. या पाच तासांसाठी मात्र त्यात बहुधा रकाना नसतो. १९५९ नंतर श्रोतृमंडळांच्या प्रश्नांना पुण्याहून उत्तर पाठविणाऱ्यांसाठीही तो फारसा नव्हता.